एकच कनू, दोन कामं: इंदूरच्या काका-पुतणीचं प्रकरण

प्रश्न काय होता

इंदूरला लोकमान्य नगरात राहणाऱ्या एका काकांनी आणि त्यांच्या पुतणीने मिळून १६ फुटी टँडम कनू, म्हणजे दोघांनी वल्हवायची उघडी होडी, घेतली. हेतू दुहेरी होता. रविवारी सकाळी चोरलच्या धरणावर जायचं आणि दुपारपर्यंत घरी यायचं. हिवाळ्यात दोन-तीन सुट्या जोडून आल्या की तंबू आणि शिधा घेऊन नर्मदेवरच्या इंदिरासागर जलाशयाच्या काठाकाठाने मुक्काम करत हिंडायचं. एकाच होडीत दोन्ही व्हावं म्हणून त्यांनी ही लांबी मुद्दाम निवडली होती.

पहिल्या हंगामाअखेर निकाल उलटा लागला. सामान भरून केलेली इंदिरासागरची फेरी छान झाली आणि चोरलची साधी सहल फसली. जिथे होडी जड जाईल अशी धास्ती होती तिथे ती मुकाट चालली, आणि जे काम सोपं म्हणून गृहीत धरलं होतं तिथे ती ऐकेना. काकांनी निष्कर्ष काढला की ही होडी मुक्कामाची आहे, सहलीची नव्हे. तेव्हा सहलीसाठी १२-१३ फुटी दुसरी घ्यावी, नाहीतर हिच्याच तळाला कणा (होडी सरळ जावी म्हणून लांबीभर बसवलेली उभी पट्टी) आणि मागे सुकाणू बसवून घ्यावं. पुतणीला हे पटत नव्हतं, पण का पटत नाही ते तिला सांगता येत नव्हतं. नर्मदेच्या पट्ट्यात होड्या घेऊन जाणाऱ्यांना मी जमेल तशी मदत करतो, म्हणून दोघं माझ्याकडे आले.

प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं आहे. सगळ्या कामांना चालणारी एकच कनू शोधणारी माणसं तळाचा आकार, लांबी आणि प्लास्टिकची जात यांवर महिनोन्‌महिने घालवतात. माणसं आणि सामान तिच्यात कुठे बसणार, याचा विचार मात्र पाण्यावर पोचल्यावर, घाईघाईत होतो.

होडी

पुण्याकडच्या एका जलक्रीडा केंद्राने विकायला काढलेली ही कनू ट्रान्सपोर्टने इंदूरला आली. साचा तीन थरांच्या पॉलिएथिलीनचा: आत-बाहेर घट्ट प्लास्टिक, मधे फेसाचा थर. रुंदी ३६ इंच, वजन ३८ किलो. तळ अगदी सपाट नाही, किंचित फुगीर आहे. सपाट तळाची होडी शांत पाण्यात पाटासारखी स्थिर वाटते, पण लाटेत एकदम दगा देते. किंचित फुगीर तळाची होडी पहिल्यांदा बसताना डुगडुगते, मात्र कलली की एका मर्यादेनंतर ती टेका देते. नवख्याला पहिली आवडते आणि सवय झालेल्याला दुसरी.

काकांचं वाचन दांडगं आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या चेस्टनट कंपनीची ‘प्रॉस्पेक्टर’ नावाची कनू, दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने काढलेल्या ॲल्युमिनियमच्या कनू, आणि रॉयलेक्स नावाचा हलका चिवट पत्रा ज्याचं उत्पादन आता बंद झालं आहे, हे सगळं त्यांना पाठ. केव्हलर या हलक्या, चिवट धाग्याची १६ फुटी कनू २० किलोच्या आसपास भरते याची त्यांना राहून राहून हळहळ वाटे. माझ्या मते त्यांच्या हाती आलं तेच योग्य आहे. इंदिरासागरच्या पाण्यात बुडालेली झाडं अजून उभी आहेत, काठाला मुरूम आणि खडक आहे. तिथे ओरखडे सोसणारं पॉलिएथिलीनच बरं. हलकेपणाचा खरा फायदा गाडीच्या टपावर होडी चढवताना होतो, आणि त्याला उपाय आहे: आधी एक टोक मागच्या रॅकवर टेकवायचं, मग दुसरं उचलून पुढे सरकवायचं. एका वेळी निम्मंच वजन हातात येतं.

टपावरून नेण्याबद्दल एवढंच. सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरताना समोरून येणारा ट्रक हवेचा असा झपाटा देतो की पुढचं टोक उचललं जातं. म्हणून रॅकवरच्या दोन पट्ट्यांखेरीज पुढच्या टोकाची दोरी बंपरखालच्या हुकाला बांधलेली हवीच. पट्टीला एक पीळ दिला की तिचा भणभणाट थांबतो.

दोन फेऱ्या

इंदिरासागरची फेरी नोव्हेंबरात झाली. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो तेव्हा काठ चांगला मिळतो. पुढे पाणी ओसरत जातं तशी काळ्या मातीची चिखलपट्टी उघडी पडते आणि उतरताना पाय पिंडरीपर्यंत रुततो. जलाशय अवाढव्य आहे. २६२.१३ मीटरची पूर्ण पातळी गाठली की सुमारे ९१३ चौरस किलोमीटरवर पाणी पसरतं. हरसूद गाव २००४ साली याच पाण्यासाठी उठलं. हनुवंतियाच्या बाजूने आत शिरलं की मधला उघडा पट्टा इतका रुंद आहे की वाऱ्याला अडवायला काही नसतं, आणि लाट त्या लांबीवर वाढत येते. काका-पुतणीने शहाणपण केलं, काठ सोडला नाही. दुपारी वारा उठला तरी होडी सरळ राहिली.

चोरलची सहल फेब्रुवारीतली. सोबत पोह्यांचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, दुर्बीण, एवढंच. सकाळी पाणी काचेसारखं होतं. परतताना वारा समोरून, थोडा डावीकडून आला. पुतणी पुढे वल्हवत होती, काका मागे. पुढचं टोक सारखं उजवीकडे वळायचं. काका उजव्या बाजूने लांब, गोल वल्हं मारून ते परत आणायचे, की पुन्हा एक झुळूक आणि पुन्हा तेच. होडी लाटेला आडवी होऊ लागली. पाऊण तास झगडून त्यांनी ती बाभळीच्या काठाला लावली, दोरीने बांधली आणि पायी चालत गाडी गाठली. तसं करणं बरोबरच होतं. दमलेल्या माणसांनी आडव्या लाटेत हट्ट धरू नये.

तपासणी

काकांचं म्हणणं होतं की सामानाच्या वजनामुळे होडी पाण्यात बसते, म्हणून ती वाऱ्याला दाद देत नाही. हे अर्धं खरं आहे. किती खरं ते मोजता येतं.

मुक्कामाच्या सामानाचं वजन ६६ किलो होतं: २० लिटरचे दोन पाण्याचे कॅन, १२ किलोची शिध्याची पिशवी, आणि तंबू-अंथरुणाचं १४ किलोचं गाठोडं. पाण्याला टेकलेलं या होडीचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे ६६ किलोने ती बुडते किती? तीन सेंटीमीटरही नाही. एवढ्याशा फरकाने नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतला फरक पडला असेल हे मला पटेना.

म्हणून आम्ही चोरललाच गेलो, बरोबर मोजपट्टी आणि रिकामे कॅन घेऊन. दोघांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं, काका मागे, पुतणी पुढे. होडी गुडघाभर पाण्यात स्थिर धरून दोन्ही टोकांची उंची पाण्यापासून मोजली. या होडीची दोन्ही टोकं सारख्याच उंचीची आहेत, त्यामुळे आकडा सरळ बोलतो. पुढे ४८ सेंटीमीटर, मागे ३८. पुढचं टोक १० सेंटीमीटर वर!

मग तीन कॅन तलावाच्या पाण्याने भरून बरोबर मधल्या आडव्या दांड्याखाली ठेवले. दोन्ही टोकं सारखीच खाली गेली, फरक १० चा १० राहिला. त्या दिवशी वारा मध्यम होता. साठ किलो जास्त घेऊनही होडीचं तोंड वाऱ्याने फिरतच होतं, फक्त जरा सावकाश. वजनाचा सिद्धांत तिथेच संपला.

कारण तरफेचं आहे. टँडम कनूच्या दोन बैठका मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात. पुढच्याला पाय पसरायला जागा लागते म्हणून त्याची बैठक मध्याकडे सरकलेली असते, मागचा पार टोकाशी बसतो. या होडीत पुढची बैठक मध्यापासून ०.९ मीटर आणि मागची १.४ मीटर भरली. काकांचं वजन ८४ किलो, पुतणीचं ५२. बागेतल्या सीसॉवर करतो तसा हिशोब करायचा, वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर. मागे ८४ गुणिले १.४ म्हणजे ११८, पुढे ५२ गुणिले ०.९ म्हणजे ४७. मागची बाजू ७१ ने भारी.

अशा होडीत मागचं टोक पाण्यात खोल रुतलेलं असतं आणि पुढचं हवेत उघडं. तिरपा वारा पुढच्या टोकाला ढकलतो, आणि खालून धरून ठेवायला तिथे पाणीच कमी असतं. होडी मागच्या टोकाभोवती फिरते. मागे बसलेला कितीही ताकदवान असला तरी तो तेच टोक आणखी दाबून बसलेला असतो.

मग नोव्हेंबरात काय झालं? पुतणीने काढलेले फोटो पाहिले तेव्हा उत्तर मिळालं. तंबूचं गाठोडं लांबट होतं, ते काकांच्या पायांपुढची जागा खाऊन बसलं. त्यामुळे दोन्ही कॅन पुतणीच्या बैठकीमागे गेले आणि शिध्याची पिशवी पार पुढच्या टोकात, तिच्या पायांपलीकडे. कोणी ठरवून ठेवलं नव्हतं, जागा मिळेल तसं कोंबलं होतं. पण हिशोब मांडला तर त्या मांडणीने ७१ चा फरक निम्म्याहून खाली आला होता. पुढचं टोक पाण्याला लागलं आणि होडी वळणावर आली. शिध्याची पिशवी त्या दिवशी मागे पडली असती तर इंदिरासागरच्या उघड्या पाण्यात काय झालं असतं, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

कणा, सुकाणू आणि दुसरी होडी

सांवेर रोडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून काकांनी ॲल्युमिनियमच्या कण्याचा भाव आणला होता. मी स्पष्ट नको म्हटलं. पॉलिएथिलीनला गोंद धड धरत नाही, म्हणजे भोकं पाडून रिव्हेट मारावे लागणार. तीन थरांच्या तळाला भोक पाडलं की मधल्या थरात पाणी शिरायची वाट होते, ती पुन्हा बंद करणं अवघड. शिवाय कण्याने होडी सरळ जायला थोडी मदत होईल, पण वर उचललेलं टोक वरच राहील. बुडालेल्या झाडांमधून होडी बाजूला सरकवताना तोच कणा बुंध्याला अडकेल, ते निराळंच.

सुकाणूने काम भागलं असतं, मीही नाकारत नाही. समुद्री कयाकला, म्हणजे वरून बंद अरुंद होडीला, ते बऱ्याचदा असतं. पण दोरी, पेडल, बिजागरी हा सगळा पसारा चिखलात उतरवायचा आणि टपावर बांधायचा, आणि तोही बैठकीची अदलाबदल करून सुटणाऱ्या प्रश्नासाठी!

दुसरी १२-१३ फुटी होडी घेतली असती तर पुन्हा काका मागे आणि पुतणी पुढेच बसली असती. आखूड होडीत तर हा फरक जास्त जाणवतो.

जागांची अदलाबदल

आता तोच हिशोब उलटा करून पाहू. पुतणी मागे: ५२ गुणिले १.४ म्हणजे ७३. काका पुढे: ८४ गुणिले ०.९ म्हणजे ७६. कागदावर हे मांडलं तेव्हा पुतणी काही बोलली नाही, काकांकडे बघत राहिली. होडी वळवायचं काम मागे बसणाऱ्याचं असतं, आणि काकांनी ते काम आवडीने शिकून घेतलं होतं. जे-स्ट्रोक, म्हणजे वल्हं मागे नेताना शेवटी बाहेर वळवून होडीचं तोंड सरळ ठेवायची युक्ती, त्यांना चांगली जमते.

“म्हणजे मी आता नुसता हमाल?” काकांनी विचारलं.

“काका, खुंट तुम्हीच बघायचे आहेत,” पुतणी म्हणाली. “मागून मला पाण्याखालचं काही दिसत नाही.”

ती खरंच बोलत होती. बुडालेल्या झाडांच्या पाण्यात पुढचा माणूस डोळे असतो. खुंट दिसला की हाक द्यायची आणि त्याच क्षणी वल्हं बाजूला रोवून पुढचं टोक ओढून घ्यायचं, तिथे ताकद आणि अनुभव दोन्ही लागतात. मागे बसून वळवायला ताकद त्यामानाने कमी लागते, वेळ साधावी लागते. वडीलधाऱ्याने मागे बसावं असा काही नियम नाही. तो केवळ आपल्या घरांतला रिवाज होडीत चढून बसतो.

जागा बदलून मोजलं: पुढे ४३, मागे साडेत्रेचाळीस. त्याच वाऱ्यात, कॅन न घेता, पुतणीने होडी वाऱ्याच्या तोंडावर धरून ठेवली. तिचा जे-स्ट्रोक अजून कच्चा आहे, होडी नागमोडी चालली, पण आडवी झाली नाही. काका पुढून जोर लावत होते आणि तो जोर आता वाया जात नव्हता. काठावर उतरल्यावर त्यांनी मोजपट्टी स्वतः हातात घेऊन दोन्ही टोकं पुन्हा मोजली.

मुक्कामाचं सामान आता कसं भरायचं

शिध्याची पिशवी पुढच्या टोकातून मध्याकडे आणायची, नाहीतर पुढचं टोक भारी होतं. तसं झालं की होडी आपोआप येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करू बघते, आणि मागून लाट आली की पुढचं टोक रुतून होडी एकदम आडवी फिरते. तंबूचं गाठोडं मधल्या दांड्याच्या मागे, शिधा पुढे, सगळं तळाशी, काहीही होडीच्या काठाच्या वर डोकावू द्यायचं नाही. वर रचलेलं सामान वारा झेलतं आणि होडी कलली की आणखी कलवतं. सगळं दांड्याला बांधलेलं हवं.

पाण्याचे दोन कॅन मी त्यांना मोकळे ठेवायला सांगितले, म्हणजे दोरीचा एक फास सोडला की सरकतील असे. वारा समोरून असेल तर एक कॅन हातभर पुढे, मागून असेल तर हातभर मागे. मीटरभर सरकवलेला २० किलोचा कॅन दोन टोकांत सुमारे तीन सेंटीमीटरचा फरक पाडतो, आणि तेवढा वल्ह्याला कळतो. पिण्याचं पाणी संपत गेलं की तो कॅन तलावाच्या पाण्याने भरून घ्यायचा. त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधायची, रात्री अंधारात कोणी चुकून पिऊ नये म्हणून.

कॅटलॉगात छापलेल्या वजनक्षमतेवर जाऊ नये असं मला वाटतं. मधोमध होडीचा काठ पाण्यापासून सहा इंच वर राहीपर्यंत किती वजन मावतं, अशी क्षमता मोजायची जुनी पद्धत आहे. इंदिरासागरच्या लाटेला सहा इंच म्हणजे काहीच नाही. या दोघांचं सामान भरल्यावर मधे दहा इंच उरतात, आणि मी त्याहून कमी करू देणार नाही.

एक मर्यादा मात्र हिशोबाने सुटत नाही. लाट वाढली की बैठकीवरून उतरून गुडघ्यांवर बसावं, वजन खाली येतं आणि होडी शांत होते. काकांचे गुडघे ते मानत नाहीत. तेव्हा पांढऱ्या फेसाच्या लाटा दिसू लागल्या की त्यांनी पाण्यावर असू नये. सकाळी लवकर निघायचं, अकराच्या सुमाराला मुक्कामाचा काठ गाठायचा, उरलेली वाट दुसऱ्या सकाळी. लाइफ जॅकेट अंगावर, बकल लावलेलं, शिटी त्यालाच बांधलेली. होडी उलटलीच तर तिला सोडून पोहत निघायचं नाही. मधल्या फेसामुळे ती तरंगते आणि लांबून दिसते. नर्मदेच्या पट्ट्यात मगरी आहेत, म्हणून तंबू पाण्यापासून चांगला वर लावायचा आणि भांडी संध्याकाळी काठावर बसून घासायची नाहीत.

महेश्वरचा बेत

या खटपटीनंतर काकांना उमेद आली आणि त्यांनी तिसरा बेत काढला: मंडलेश्वरला होडी टाकायची, प्रवाहाबरोबर महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटाशी उतरायचं. अंतर दिवसाच्या सहलीला बेताचं आहे आणि घाट पाण्यातून पाहणं ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे पाणी वर ओंकारेश्वरच्या धरणातून येतं. ५२० मेगावॅटचं वीजघर चालू-बंद होतं तशी खालची पातळी चढते-उतरते. एप्रिल २००५ मध्ये धाराजीच्या यात्रेत इंदिरासागरमधून सोडलेल्या पाण्याने नदीकाठी झोपलेले कितीतरी यात्रेकरू वाहून गेले, हे मालवा-निमाडात कोणी विसरलेलं नाही. म्हणून मी दोन अटी घातल्या. निघण्याआधी मंडलेश्वरच्या नावाड्यांना पाण्याची वेळ विचारायची, आणि वाटेत वाळूच्या बेटावर जेवायला थांबलं तरी होडी ओढून वर बांधायची.

महेश्वरच्या खाली सहस्रधारेत, म्हणजे खडकांमधून धावणाऱ्या पाण्यात, जायचा विषयच नाही. खेलो इंडियाच्या २०२३ सालच्या मध्य प्रदेशातल्या स्पर्धांत कनू स्लालम (वेगवान पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून होडी काढायची शर्यत) तिथेच झालं होतं. ते पाणी आखूड, बंद, चपळ होड्यांचं आणि हेल्मेट घातलेल्या पोरांचं आहे. १६ फुटी उघडी कनू त्या खडकांत आडवी अडकली तर प्रवाह तिला दुमडून टाकेल.

आजची स्थिती

दुसरी होडी घेतली नाही. त्या पैशांतून दोन मापाची लाइफ जॅकेटं, पाणी न शिरणाऱ्या तीन पिशव्या आणि टपासाठी रुंद रॅक आला. घरामागे निंबाच्या सावलीत होडी उलटी, दोन लाकडी घोड्यांवर ठेवतात. मे महिन्यात उन्हात पट्ट्या आवळून टपावर ठेवली तर पॉलिएथिलीनचा तळ खोलगट होतो, हे त्यांना पटवायला वेळ लागला नाही.

आता काकूंना चोरलला यायचं आहे. त्यांचं वजन ६० किलो. बरोबर मधल्या दांड्याशी बसल्या तर टोकांचा तोल बिघडत नाही, पण खुर्ची नको, तळावर घडी केलेल्या सतरंजीवर बसायचं. काकू म्हणाल्या की मांडी घालून दोन तास जमणार नाही, पाय लांब करीन. पाय पुढे लांब केले तर अंग मागे सरकतं, म्हणून त्या दिवशी एक भरलेला कॅन काकांच्या पुढच्या बैठकीमागे ठेवून आधी काठावर मोजून बघायचं ठरलं आहे.